स्कार्फ आणि झाडू

गळ्यातला स्कार्फ सोडून हातात घेतला, की तो शोभेचा कपडा राहत नाही. तो त्रिकोणी असतो आणि तसा असण्याला कारण आहे. मोडलेल्या हाताला त्याची झोळी होते, फुटलेल्या डोक्याला पट्टी होते, मुरगळलेल्या घोट्याला आधार होतो. त्याची टोकं ज्या गाठीने बांधतात तिला स्काउट-गाइडच्या बोलीत ‘डॉक्टरी गाठ’ म्हणतात. ती सपाट बसते, जखमेवर टोचत नाही, ताण आला तरी सरकत नाही आणि सोडायची म्हटली की सहज सुटते. जबलपूरच्या रांझी भागात, खमरिया आणि गन कॅरेज फॅक्टरीच्या वसाहतींमधल्या केंद्रीय विद्यालयांत, दहा-अकरा वर्षांची मुलं ही गाठ शिकतात. आधी दोरीच्या तुकड्यावर, मग मित्राच्या मनगटावर. चुकली की टोकं आडवी बाहेर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शाळकरी मुलांच्या समाजसेवेबद्दल बोलताना गाठीपासून सुरुवात करणं बरं. सेवा करायची तर हातात काहीतरी यावं लागतं. नुसती कळकळ असलेला मुलगा अपघाताच्या जागी गर्दीत भर घालतो. झोळी बांधता येणारा मुलगा गर्दी बाजूला करून पुढे जातो.

रांझी हे मूळचं गाव, आता जबलपूर शहराचा पूर्वेकडचा दाट वस्तीचा भाग. त्याला आजचं रूप दिलं ते संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी. तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ चा, आणि शक्तिमान ट्रकमुळे देशभर नाव झालेली व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. या कारखान्यांनी सगळ्या भारतातून माणसं आणली. तमिळ, बंगाली, मल्याळी, पंजाबी आली, तशी मराठीही आली. अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, खडकी, अंबाझरी, चांदा या ठिकाणी याच कुळातले कारखाने असल्यामुळे बदलीचा कागद हातात पडला की मराठी कुटुंबं ट्रंका बांधून इकडे येत राहिली. क्वार्टरच्या एका रांगेत चार भाषा बोलल्या जातात. नात्यागोत्याचं माणूस हजार किलोमीटरवर असतं. त्यामुळे रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोराला आठवडाभर सांभाळायचं, हे शेजाऱ्यानेच बघायचं असतं. ‘समाज’ हा शब्द पुस्तकात येण्याआधी रांझीच्या मुलांना तो असा भिंतीपलीकडून भेटतो.

या शहराचा शाळकरी सेवेच्या इतिहासाशी असलेला संबंध मात्र खमरियाच्या कारखान्याहून आणि व्हेइकल फॅक्टरीहून जुना आहे. भारतातली पहिली गर्ल गाइड कंपनी १९११ साली जबलपुरात सुरू झाली. इंग्लंडमध्ये मुलींची ही चळवळ रीतसर उभी राहिली होती १९१० मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभरात ती नर्मदेच्या काठी पोचली. यात नवल वाटायला नको. मुंबई आणि हावडा यांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपुरातच सांधला गेला होता. छावणी होती, रेल्वेचे अधिकारी होते, त्यांच्या मुलींच्या शाळा होत्या आणि विलायतेचं टपाल नियमित येत होतं. मुलग्यांचं पहिलं स्काउट पथक त्याआधी दोन वर्षं, १९०९ मध्ये, बंगळूरला निघालं होतं.

मात्र सुरुवातीच्या या कंपन्या आणि पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. ज्या गावात कंपनी होती त्याच गावातल्या भारतीय मुलींना तिच्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी दार उघडलं १९१६ मध्ये, आणि ते पुणे आणि मद्रास इथे. पुण्याचा हा धागा पुढेही टिकला. गाइडांच्या जागतिक संघटनेचं ‘संगम’ हे केंद्र १९६६ मध्ये पुण्यातच, आळंदी रस्त्यावर, उघडलं. देशोदेशीच्या तरुण मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या सामाजिक संस्थांबरोबर काम करतात.

मुलग्यांच्या बाबतीत भारतीयांनी दार उघडण्याची वाट पाहिली नाही. १९१३ मध्ये शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी आपलं पथक उभं केलं. मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात जबलपूरही होतं, तिथे विवियन बोस यांनी या कामात लक्ष घातलं. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. आणि अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काउट संघटना आकाराला आली. कुंझरू हे पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. या गोष्टीत पुणे पुन्हा पुन्हा येतं ते असं.

या माणसांच्या कामाचा अर्थ नीट समजून घ्यायचा तर १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात जावं लागतं.

गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. त्यांच्या समाजाने मेळ्यासाठी स्वयंसेवकांचं मोठं पथक पाठवलं. प्रमुख कुंझरू, आणि वैद्यकीय व्यवस्था पाहायला समाजाचेच डॉ. देव. लाखो माणसं एका घाटावर जमली की पहिला प्रश्न येतो तो शौचाचा, आणि त्या काळी मेळ्यातून पटकी पसरणं हे नेहमीचं होतं. डॉ. देवांनी खड्डे खणून संडासांची सोय केली, पण ते रोज स्वच्छ ठेवायला पगारी भंग्यांवाचून माणूस मिळेना. नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी आणि त्यांच्या तिथल्या फिनिक्स आश्रमाची मंडळी मदतीला आली होती. या मंडळींत आश्रमशाळेतली मुलंही होती. त्यांनी हे काम मागून घेतलं: मैल्यावर माती टाकायची आणि त्याची विल्हेवाट लागते आहे की नाही यावर लक्ष ठेवायचं. ही हकिकत गांधींनी आत्मकथेत नोंदवली आहे.

इथे क्षणभर थांबायला हवं. मेळ्यात सेवा करायची तर सोपी कामं पुष्कळ होती. पाणी द्यावं, हरवलेली मुलं शोधावीत, म्हाताऱ्यांना हात धरून घाट उतरवावं. त्या मुलांच्या वाट्याला आलं ते सर्वांत किळसवाणं मानलेलं आणि एका जातीच्या गळ्यात बांधलेलं काम. डॉ. देवांना त्याची खरोखर गरज होती, ते न झाल्यास माणसं मेली असती, आणि करणाऱ्यांनी ते स्वतःहून पत्करलं होतं. शाळकरी सेवेचा कोणताही उपक्रम मोजायचा झाला तर याहून चांगली मापं सापडायची नाहीत.

कुंझरू पुढेही या विषयाशी जोडलेले राहिले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवर एक छात्रदल उभं करण्याचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच होते. त्या शिफारशींतून १९४८ मध्ये एनसीसी जन्माला आली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काउट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संघटना झाली आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाइड तिच्यात सामील झाल्या. पहिले राष्ट्रीय आयुक्त पुन्हा कुंझरूच. संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र झालं पचमढीला, सातपुड्यात, जबलपूरहून काही तासांच्या अंतरावर.

केंद्रीय विद्यालयांची साखळी १९६३ मध्ये सुरू झाली ती मुळात अशाच कुटुंबांसाठी, ज्यांच्या कर्त्या माणसाची बदली कधीही होऊ शकते. या शाळांनी स्काउट-गाइड इतकं आपलंसं केलं, की भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या रचनेत केंद्रीय विद्यालय संघटनेला एखाद्या राज्यासारखा वेगळा दर्जा आहे. अंबरनाथहून मधेच रांझीला आलेल्या मुलीला भाषा नवी असते, वर्ग नवा असतो, पण स्कार्फ तोच असतो. तिचा द्वितीय सोपान झाला असेल तर ती इथे तृतीय सोपानाची तयारी सुरू करते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे.

या पद्धतीतली सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे लहान गट. सहा ते आठ मुलांचा एक संघ, रांझीच्या हिंदीत टोली, आणि त्यांचा नायक त्यांच्यातलाच. शिक्षक सगळ्यांना कामं वाटत बसत नाहीत. संघनायक आपल्या संघाशी बोलतो, नायकांची सभा बसते, कामं ठरतात. बारा वर्षांच्या मुलाला ‘तुझा संघ उद्या पाण्याच्या टाकीपाशी असेल’ असं दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलाने सांगणं आणि शिक्षकांनी वर्गात सांगणं यांत फार अंतर आहे. साठ मुलांच्या वर्गाला एकदम मैदानावर काढून कचरा वेचायला लावलं की दहा मुलं वेचतात आणि पन्नास उभी राहतात. सहाच्या संघात उभं राहायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट ‘खरी कमाई’. हा शब्द मराठीतही तोच आणि हिंदीतही तोच, म्हणून रांझीच्या मराठी घरात तो समजावून सांगावा लागत नाही. मुलं शेजारीपाजारी जाऊन काम मागतात. सायकल पुसून देतात, बागेत पाणी घालतात, गव्हाचा डबा गिरणीत पोचवतात, आणि घरमालक देईल ते पैसे घेतात. पैसे पथकाच्या कामाला जातात. वरवर पाहता ही निधी जमवण्याची रीत आहे. पण वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात उभं राहणं आणि ‘काही काम आहे का’ असं विचारत उभं राहणं, यांतून मुलाला वेगळ्या गोष्टी कळतात. आपल्या श्रमाची किंमत दोन काकू वेगवेगळी करतात हेही त्यात कळतं.

आता पुढे याच परिसरात येऊन राहिलेल्या एका दुसऱ्या मुलाची गोष्ट. ती स्कार्फची नाही, झाडूची आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या प्रशिक्षण संस्थेत उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण शिकाऊ कामगार राहत होता. नाव ओमप्रकाश वाल्मीकि. इथून तो अंबरनाथच्या संस्थेत गेला, तिथे मराठी दलित साहित्याशी त्याची ओळख झाली, मग चंद्रपूरच्या कारखान्यात नोकरी केली, आणि हिंदीतल्या दलित साहित्याच्या पायाभरणीत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जाऊ लागलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जूठन’ या आत्मकथनात त्याने आपल्या गावच्या, मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बरला इथल्या, शाळेचा एक प्रसंग सांगितला आहे. मुख्याध्यापकांनी त्याला वर्गात बसू दिलं नाही. इतर मुलं शिकत होती आणि तो खोल्या आणि मैदान झाडत होता. मैदान मोठं, मुलगा लहान. एक दिवस झाला, दुसरा दिवस झाला. तिसऱ्या दिवशी तो वर्गात जाऊन बसला, तर त्याला मानेला धरून ओढून बाहेर काढलं आणि पुन्हा झाडू हातात दिला. योगायोगाने वडील त्या बाजूने चालले होते. त्यांनी मुलाच्या हातातला झाडू हिसकावून फेकून दिला.

हरिद्वारच्या मुलांनी केलं ते सफाईचंच काम होतं. बरल्याच्या मुलाला करायला लावलं तेही सफाईचंच. मराठीत या दोहोंसाठी दोन शब्द आहेत आणि ते दोन्ही जुने आहेत: सेवा आणि वेठ. काम कोणतं यावरून त्यांच्यातला फरक ठरत नाही. कुणी निवडलं, सगळे करतात की ठरावीक मुलंच, आणि त्या वेळात बाकीचे काय करत असतात, यावरून ठरतो. ही गोष्ट जुनी झाली असं समजणं धोक्याचं आहे. शाळेतले संडास दलित मुलांकडून धुऊन घेतल्याच्या बातम्या आजही अधूनमधून येतात, आणि अनेकदा त्यावर ‘श्रमदान’ असं पांघरूण घातलेलं असतं. मुलींकडे रांगोळी, ओवाळणी आणि झाडलोट, मुलग्यांकडे मंडप आणि माइक, ही विभागणी तर इतकी सवयीची आहे की ती खटकतही नाही. ती खटकायला हवी. ज्या शाळेला समाजसेवेचा उपक्रम सुरू करायचा आहे, तिने आपल्याच आवारात झाडू कुणाच्या हातात आहे हे आधी पाहावं.

गांधींनी ही गोष्ट शाळेच्या रचनेतच घालायचा प्रयत्न केला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ हा शब्द रुजला. कातणं, शेती, स्वयंपाक, सफाई ही कामं सगळ्यांनी करायची, आणि त्यांतूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकायचा. वर्धा आणि जबलपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. सेवाग्रामची जुनी शाळा मध्ये बंद पडली, पण २००५ पासून ‘आनंद निकेतन’ नावाने ती पुन्हा भरते आहे, आणि तिथली मुलं आजही शेतात काम करतात, स्वयंपाक करतात, आवार झाडतात, मुलगे आणि मुली सारखेच.

सरकारी कागदावर या विचाराचा प्रवास मोठा आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा आणि कार्यानुभव असावा असं सांगितलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय आणला. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना ‘कार्यानुभव’ हा तास आठवत असेल: कागदी फुलं, खडू, मेणबत्त्या, आणि वर्षाअखेरी भरायची वही. समाजाला उपयोगी आणि उत्पादक या दोन विशेषणांमधलं पहिलं हळूहळू गळून पडलं. मेणबत्त्या कुणाला हव्या होत्या? हे विचारायलाच कुणी शाळेबाहेर गेलं नाही.

महाविद्यालयांसाठी २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. ३७ विद्यापीठं आणि ४०,००० स्वयंसेवक असा तिचा आरंभ. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत खाली आली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. सीबीएसईने २०१८-१९ पासून नववी ते बारावीच्या आरोग्य व शारीरिक शिक्षणात समाजसेवेचा भाग घातला आणि त्याचं इंग्रजी लघुरूपच ‘सेवा’ असं बेतलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा आली. केरळात २०१० मध्ये सुरू झालेली ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना २०१८ मध्ये देशभर नेण्याचं ठरलं.

तास मोजायचे म्हटले की एक जुना प्रश्न समोर येतो, आणि तो भारतापुरता नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये ठरवलं, की ७५ तासांची समाजसेवा केल्याशिवाय शालान्त पदविका मिळणार नाही. तिकडच्या मराठी घरांतही आठवी-नववीच्या मुलांचे सेवातास हा जेवणाच्या टेबलावरचा विषय असतो. कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात ४० तासांची अट आहे. सक्तीची सेवा ही सेवा राहते का? १९९९ मध्ये तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुळात अशा कामाची फारशी ओढ नसलेल्या विद्यार्थ्यांना ‘करावंच लागेल’ असं सांगितलं, तर पुढे आपणहून काम करण्याची त्यांची इच्छा खालावते. तेच काम निवडीची मोकळीक देऊन करायला दिलं, तर तसं होत नाही. ज्यांना आधीपासून आवड होती त्यांना सक्तीचा फारसा फटका बसत नाही.

याचा अर्थ अट काढून टाकावी असा नाही. अट नसेल तर ज्यांना घरातूनच वळण आहे तीच मुलं येतात आणि बाकीची कधी उंबरठाही ओलांडत नाहीत. मेरीलँडच्या नियमातली चांगली बाजू अशी, की त्यात कामाआधीची तयारी आणि कामानंतरचा विचार हेही तासांत धरले जातात. तास सक्तीचे असावेत, काम निवडीचं असावं, इतकी साधी तडजोड शक्य आहे. संघनायकांची सभा नेमकं तेच करते.

मग रांझीत निवडायला काय आहे?

पाणी आहे. जबलपूर स्वतःला बावन्न तालांचं शहर म्हणवतं. आधारताल, राणीताल, चेरीताल, हनुमानताल, देवताल, सूपाताल, गुलौआताल ही नावं आजही पत्त्यांमध्ये रोज लिहिली जातात. लोकपरंपरा राणीतालाचा संबंध राणी दुर्गावतीशी, चेरीतालाचा तिच्या दासीशी आणि आधारतालाचा तिचा मंत्री आधारसिंह याच्याशी जोडते. पण त्यातली कित्येक नावं आता नुसत्या वस्त्यांची आहेत. चेरीतालात घरं आहेत, राणीताल म्हटलं की क्रीडांगण आठवतं. रांझीच्या बाजूला गोकलपूरचा तलाव आहे, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळ. अशा तलावावर मुलांना नेऊन एका दिवसात प्लास्टिक वेचून, फोटो काढून परत आणणं सोपं आहे आणि पंधरा दिवसांत तलाव पुन्हा तसाच होतो. त्यापेक्षा एक संघ तलावात येणारे नाले मोजतो, दुसरा दर महिन्याच्या एकाच तारखेला पाण्याची पातळी एकाच दगडावर खूण करून लिहितो, तिसरा आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पूर्वीचा काठ कुठपर्यंत होता ते नकाशावर काढतो, आणि पुढच्या वर्षीचे संघ तीच वही पुढे चालवतात, तर तीन-चार वर्षांत नगर निगमाच्या टेबलावर ठेवण्यासारखं काहीतरी हातात येतं. यात चिखलात उतरायची गरज नाही, आणि जिथे पाणी खोल आहे तिथे मुलांना उतरवूही नये.

जमीन आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, जबलपूर हादरलं. ५.८ तीव्रतेचा भूकंप, केंद्र शहराच्या अगदी जवळ, सुमारे चाळीस माणसं गेली आणि हजारो घरांना तडे गेले. नर्मदेच्या खोऱ्यातून जाणाऱ्या भूभ्रंशाच्या पट्ट्यावर हे शहर वसलेलं आहे, म्हणजे तो दिवस पुन्हा येऊ शकतो. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप आहेत. क्वार्टरच्या प्रत्येक रांगेत रक्त थांबवता येणारी, दोन काठ्या आणि दोन सदऱ्यांचं स्ट्रेचर करता येणारी, गॅसचा कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेली चार-दोन मुलं असणं, ही या शहरापुरती तरी खरी गरज आहे. प्रथमोपचाराचा बिल्ला मिळवलेल्या मुलांनी आपल्या रांगेतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं कोणती, कुणाला जिना उतरता येत नाही, याची यादी करून ठेवावी. ती दरवर्षी बदलेल, कारण बदल्या होत राहतील. म्हणून ती दरवर्षी नव्याने करावी लागेल, आणि त्या निमित्ताने दरवर्षी कुणीतरी त्या दारांवर टकटक करेल.

आणि अक्षरं आहेत. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, ‘उल्लास’ या नावाने तो ओळखला जातो. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना लिहायला-वाचायला शिकवायचं, आणि शिकवणारे पगारी नसून स्वयंसेवक. त्यांत शाळकरी विद्यार्थीही येतात. या एका कामात शाळकरी मुलांची बाजू सगळ्यांहून वरचढ आहे. आकडे गिरवण्याची लाज मोठ्या माणसाला मोठ्या माणसासमोर वाटते, नातवासमोर कमी वाटते. कारखान्याच्या वसाहतीत मुलाकडे राहायला आलेली, गाव मागे टाकलेली आजी दुपारी घरात एकटी असते. नात दोनला शाळेतून येते. वर्ग भरवायला खोली लागत नाही, फळा लागत नाही, स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. सुरुवात बाराखडीने करण्याऐवजी गॅसच्या पुस्तकावरच्या, रेशनकार्डावरच्या, बसच्या पाटीवरच्या शब्दांनी केली तर आजी टिकते, कारण तिला ते शब्द दुसऱ्याच दिवशी बाहेर भेटतात. मराठी आजीला इथे एक फायदा फुकट मिळतो. लिपी एकच, त्यामुळे एकदा अक्षर जुळलं की रांझीच्या बाजारातली हिंदी पाटी आणि नागपूरहून आलेलं मराठी निमंत्रण दोन्ही वाचता येतं.

या कार्यक्रमाची परीक्षा असते. १५० गुण, वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना पन्नास-पन्नास, उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात ३३ टक्के. १७ मार्च २०२४ ला, एका रविवारी, अनेक राज्यांत ती एकाच दिवशी झाली. परीक्षेचं केंद्र म्हणजे शाळा, आणि वेळेचं बंधन सैल: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांमध्ये कधीही यावं आणि तीन तासांत पेपर सोडवावा, म्हणजे घरचं आवरून येता येतं. त्या दिवशी बाकावर आज्या असतात आणि शिकवणारी मुलं फाटकाबाहेर थांबतात. आतून कुणी बाहेर आलं की ती धावत जाऊन विचारतात, की वजाबाकीत हातचा घेतला होता ना.